गच्चीवरील सुगंधी झाडे : नावपट्ट्यांचे काम कुठवर आले

पावसाळा सरल्यावर गच्चीवरील सुगंधी झाडांना शास्त्रीय नावांच्या पट्ट्या लावण्याचे काम हाती घेतले असून, त्यांपैकी तुळशींच्या कुंड्या आता पूर्ण झाल्या आहेत. वृंदावनातील तुळशीसाठी ‘ऑसिमम टेन्यूफ्लोरम’ हे नाव लिहिले. औषधी वनस्पतींच्या अनेक पुस्तकांत आजही ‘ऑसिमम सँक्टम’ आढळते. दोन्ही नावे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनेच दिलेली, पण पहिले १७५३ मधले आणि दुसरे १७६७ मधले असल्याने अग्रक्रमाच्या नियमानुसार पहिलेच ग्राह्य ठरते. काळ्या आणि पांढऱ्या तुळशीची जात एकच असल्यामुळे दोन्ही कुंड्यांवर एकच नाव आहे. सब्जा (ऑसिमम बॅसिलिकम) आणि कापूरतुळस (ऑसिमम किलिमांडशारिकम) यांच्या पट्ट्याही लागल्या.

सर्वाधिक वेळ रमलो तो पानओव्यापाशी. त्याचे जाड, लवदार पान बोटांत चुरडले की थेट ओव्याचाच वास येतो. मात्र ओवा (ट्रॅकिस्पर्मम अम्मी) कोथिंबिरीच्या कुळातला, तर पानओवा तुळशीच्या कुळातला. ओव्यात थायमॉल आणि पानओव्यात बहुधा कार्व्हॅक्रॉल हे द्रव्य मुख्य असते, आणि या दोघांचे रेणुसूत्र एकच असून फरक केवळ रेणूतील एका गटाच्या जागेचा आहे. म्हणूनच केवळ वासावरून झाड ओळखू नये, असे माझे ठाम मत आहे. तुळशीच्या कुळाची खूण तपासण्यासाठी देठ बोटांत फिरवावा, त्याच्या चार कडा लागतात का आणि पाने समोरासमोर आहेत का ते पाहावे, मग भिंगाखाली पानाची खालची बाजू धरावी. तेलग्रंथींचे चमकदार ठिपके तिथे स्पष्ट दिसतात. पट्टीवर ‘कोलियस अँबोइनिकस’ लिहिले आहे, कारण ‘प्लेक्ट्रँथस’ या प्रजातीत गणला जाणारा पानओवा २०१९ च्या पुनर्मांडणीत पुन्हा ‘कोलियस’मध्ये आला.

मरव्याचे (ओरिगॅनम मॅजोराना) काम सोपे होते. दवणा (आर्टेमिसिया पॅलेन्स) सूर्यफुलाच्या कुळातला असून त्याचे बी थंडी पडू लागताच पेरणार आहे. चैत्रात जोतिबाला वाहिला जातो तोच हा दवणा.

पाच (पॅचौली) या सुगंधी झाडाची पट्टी मात्र अजून बाकी आहे. पाचेची पाने वाळल्यावर अधिक दरवळतात, पण केवळ पानांवरून ‘पोगोस्टेमॉन कॅब्लिन’ आणि ‘पोगोस्टेमॉन हेनिआनस’ यांत निवड करणे मला योग्य वाटत नाही. त्यामुळे फुलोरा येईपर्यंत पट्टीवर ‘पोगोस्टेमॉन’ एवढेच राहील.