तुम्ही विचारलंत म्हणून: मी हॉकी आवाज बंद करून का बघतो?

शनिवारी रात्री आमच्याकडे कोणी जेवायला आलं की हा प्रश्न ठरलेला. टीव्हीवर टोरोंटोच्या मेपल लीफ्स संघाची मॅच, मांडीवर ताट घेऊन मी सोफ्यावर, आणि टीव्ही मुका. पाहुणे आधी रिमोट शोधतात, मग विचारतात, "आवाज गेलाय का हो?" बायको स्वयंपाकघरातूनच सांगते, "आवाज नाही, ह्यांचं डोकं गेलंय." मागच्या गणपतीत मंडळातल्या एका मुलाने जरा नेटाने विचारलं. "काका, तुम्हाला युरोपच्या हॉकीचा एवढा पुळका का? टीव्हीवरचे एक्स्पर्ट म्हणतात ते उगीच का? तिकडची हॉकी सॉफ्टच असते." हातात प्रसादाचा द्रोण, मागे आरतीची गडबड. तिथे काय सांगणार! म्हणून हे लिहितोय.

तिकडे भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी: ही बर्फावरची हॉकी. चेंडूऐवजी रबरी काळी चकती, तिचं नाव पक. कॅनडात हिला नुसतं हॉकी म्हणतात. आपली हॉकी सांगायची असेल तर 'फील्ड हॉकी' म्हणावं लागतं. इथूनच सगळं सुरू होतं म्हणा ना.

मी ही हॉकी कॅनडात शिकलो नाही. २००५ साली पुण्याच्या कंपनीने मला स्वीडनला, गोथेनबर्गला पाठवलं. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातला एक सहकारी तिकीट घेऊन आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "चल, तुमची टीम आहे." फ्रोलुंडा या तिथल्या क्लबचं नाव तेव्हा 'फ्रोलुंडा इंडियन्स' होतं. लोगोवर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशाचं डोकं. बऱ्याच वर्षांनी क्लबने ते नाव टाकलं, बरंच केलं. पण 'इंडियन' म्हणून मी पहिल्यांदा कोणासाठी ओरडलो असेन तर स्कँडिनाव्हियम नावाच्या त्या स्टेडियममध्ये, दालचिनीचा बन खात.

बसायला जागा नव्हती. गोलमागच्या उभ्या स्टँडमध्ये होतो. लोक साठ मिनिटं गात होते, मॅच कशी चाललीय याच्याशी त्या गाण्याचा काही संबंध नव्हता. आणि बर्फावर काय चाललंय ते मला कळेना. बचावपटू पक घेऊन स्वतःच्याच गोलमागे जाऊन थांबला. थांबला म्हणजे थांबला. समोरचा दोन पावलं पुढे आला तसा याने पक बाजूला सरकवला, तो परत आला, पुन्हा बाजूला. मी म्हटलं, हे काय, पुढे का जात नाहीत? सहकारी म्हणाला, "जागा मोजतोय."

त्या दोन शब्दांचा अर्थ कळायला मला वर्ष लागलं. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या लोक ६० बाय ३० वर शिकले. चार मीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण रुंद बर्फावर कडेला असलेला खेळाडू गोलपासून लांब पडतो, तिथून मारलेला शॉट गोलकीपरला आरामात दिसतो. त्याला धडक द्यायला जावं तर तुम्ही पोचेपर्यंत पक दुसरीकडे गेलेला, आणि मागे तुम्ही सोडलेली मोकळी जागा. म्हणजे धडक महाग आणि पास स्वस्त. अरुंद रिंकवर हिशेब उलटा होतो: पक कोपऱ्यात फेका, मागे धावा, भिंतीवर समोरच्याला चेपा. दोन्हीकडचे लोक आपापल्या बर्फाला शोभेल तेच शहाणपण करतात.

२००९ अखेर मी इथे, टोरोंटोजवळच्या मिसिसागाला आलो. बोचरी थंडी ओळखीची, हॉकी ओळखीची, पण टीव्ही लावला की वाटायचं, आपण चार वर्षं बघत होतो तो खेळ नव्हताच बहुतेक. युरोपियन खेळाडूंबद्दल समालोचक म्हणायचे, 'परिमीटरवर खेळतात', म्हणजे कडेकडेने. 'ट्रॅफिकमध्ये', म्हणजे गोलसमोरच्या गर्दीत, 'शिरत नाहीत.' 'भिंतीपाशी मार खायची तयारी नाही.' स्वीडनचा खेळाडू गोलसमोर हाणामारीत शिरला तर कौतुक असं: "हा अगदी कॅनडियन मुलासारखा खेळतो हं!" आपल्याकडे एखाद्या सुनेला 'अगदी आमच्यातलीच वाटते' म्हणतात ना, त्या चालीवर.

या सगळ्याचे गुरू डॉन चेरी. 'हॉकी नाइट इन कॅनडा' या शनिवारच्या टीव्ही कार्यक्रमात पहिल्या मध्यंतरात त्यांचा कोपरा असायचा, सोबतीला सूत्रसंचालक रॉन मॅक्लीन. सोफ्याच्या कापडासारखे कोट, टेबलावर आपटणारं बोट. स्वतः एनएचएलमध्ये एकच मॅच खेळले, १९५५ मध्ये, पण सत्तरच्या दशकात बॉस्टनचे प्रशिक्षक होते, आणि टीव्हीवर सदतीस-अडतीस वर्षं टिकले. २००४ मध्ये सीबीसी या कॅनडाच्या सरकारी वाहिनीने 'सर्वांत थोर कॅनडियन' कोण असं लोकांना विचारलं, तेव्हा हे सातवे आले. त्यांचा शब्द म्हणजे काय ते यावरून ओळखा.

१९८९ मध्ये विनिपेग जेट्स या एनएचएल संघाने आल्पो सुहोनेन या फिनिश माणसाला सहायक प्रशिक्षक म्हणून घेतलं. आल्पो हा कुत्र्यांच्या खाण्याचाही ब्रँड, तेव्हा चेरींनी टीव्हीवरून त्या नावाची तशी थट्टा केली. पुढे त्याच विनिपेगमध्ये तीमू सेलाने हा फिनिश पोरगा आला आणि १९९२-९३ या पहिल्याच मोसमात त्याने ७६ गोल केले. नवख्या खेळाडूचा तो विक्रम अजून उभा आहे. सुहोनेन २००० मध्ये शिकागोचे मुख्य प्रशिक्षक झाले.

जानेवारी २००४ मध्ये चेरी म्हणाले की चेहऱ्यावर व्हायजर लावणारे बहुतेक युरोपियन आणि फ्रेंच, म्हणजे फ्रेंच बोलणारे कॅनडियन. व्हायजर म्हणजे डोळ्यांपुढची पारदर्शक काच. रोख स्पष्ट होता: घाबरट लोक. सीबीसीने त्यानंतर त्यांचा कार्यक्रम सात सेकंद उशिरा दाखवायला सुरुवात केली, भलतंसलतं बोलले तर कापता यावं म्हणून. आणि २०१३ मध्ये एनएचएलने नव्या खेळाडूंना तीच काच सक्तीची केली, कारण डोळे जात होते.

आता चेरींच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी पण त्यांच्यासारखाच ठरेन. 'आयसिंग' नावाचा एक नियम आहे. स्वतःच्या अर्ध्या भागातून पक थेट समोरच्या गोलरेषेपार फेकला तर खेळ थांबतो. पण एनएचएलमध्ये तेव्हा समोरच्या संघाचा खेळाडू मागे जाऊन पकला शिवेपर्यंत खेळ थांबत नसे. मग दोन्ही संघांचे खेळाडू जीव खाऊन धावायचे आणि भिंतीवर आदळायचे. पाय मोडायचे. चेरी वर्षानुवर्षं त्या धडकांच्या क्लिपा दाखवून सांगत होते, हे थांबवा, पक रेषेपार गेला की शिट्टी वाजवा. ती शिट्टी युरोपात कधीच वाजत होती! एनएचएलने मधला मार्ग काढला, तोही २०१३ मध्येच. या एका बाबतीत चेरी पक्के युरोपियन होते, हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर टेबल फुटलं असतं.

पण चेरी मोठ्याने बोलायचे म्हणून दिसायचे. मला जास्त टोचतं ते सौम्य आवाजातलं. बहुतेक समालोचकांच्या बोलण्यात युरोप दोनच कामांसाठी असतो: पोरं पाठवायला आणि म्हातारे सांभाळायला. खेळाडू तिथे असतो तेव्हा तो 'ओव्हरसीज' असतो. जणू मधली वर्षं मोजायची नसतात. ऑस्टन मॅथ्यूजचंच घ्या. आमच्या टोरोंटोचा लाडका. ॲरिझोनात वाढलेला मुलगा, ज्युनियर लीगचा मळलेला रस्ता सोडून अठराव्या वर्षी झुरिकला मोठ्या माणसांत खेळायला गेला आणि ३६ मॅचमध्ये त्याने २४ गोल केले. मग १२ ऑक्टोबर २०१६ ला ऑटावात एनएचएलच्या पहिल्याच मॅचमध्ये चार गोल. झुरिकच्या त्या मोसमाचा उल्लेख निघतो तो कसा, तर पोरगं सुट्टीत युरोप फिरून आलं, अशा सुरात.

२००४-०५ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या भांडणात एनएचएलचा अख्खा मोसम बुडाला, तेव्हा शेकडो खेळाडू युरोपात पोटापाण्याला गेले. जो थॉर्नटन आणि रिक नॅश डावोसला गेले. त्या संघाने त्या वर्षी स्विस विजेतेपद मिळवलं. थॉर्नटनला तिथेच पुढे बायको झालेली मुलगी भेटली आणि तो परत परत डावोसला जाऊन खेळला. त्याला तिकडची हॉकी सॉफ्ट वाटली असती तर एवढ्या खेपा केल्या असत्या का?

तिथल्या लीगमध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती इथे फारशी कोणी समजावूनच सांगत नाही. स्वीडनमध्ये तळाला गेलेला संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जातो. २०२२ मध्ये स्टॉकहोमचा युर्गोर्डेन, म्हणजे सगळ्यात जास्त विजेतेपदं मिळवलेला क्लब, असा खाली गेला. एनएचएलमध्ये शेवटून पहिल्या आलेल्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेताना, चांगला खेळाडू मिळण्याची संधी वाढते. मार्चमध्ये कुठली मॅच जीव मुठीत धरून खेळली जाते, ते तुम्हीच ठरवा.

तुम्ही म्हणाल, जगातले उत्तम खेळाडू एनएचएलमध्येच आहेत, मग समालोचकांनी तसं का म्हणू नये? म्हणावं की. मीही तेच बघतो. पण रॉजर्स या टीव्ही कंपनीने २०१३ मध्ये एनएचएलच्या बारा वर्षांच्या कॅनडातल्या प्रक्षेपण हक्कांसाठी ५२० कोटी कॅनेडियन डॉलर मोजायचं कबूल केलं. दुकानात बसलेला माणूस शेजारच्या दुकानातला माल बरा आहे असं सांगेल, ही अपेक्षा माझीही नाही. राग येतो तो एकाच गोष्टीला दोन नावं दिली की. २३ फेब्रुवारी २०१४, सोची ऑलिंपिकची फायनल, टोरोंटोत सकाळी सातला. रुंद बर्फ. कॅनडाने स्पर्धेतल्या सहा मॅचमध्ये मिळून फक्त तीन गोल खाल्ले आणि स्वीडनला ३-० हरवलं. कसं? पक जपून, थांबून, जागा मोजून. माझ्या गोथेनबर्गच्या सहकाऱ्याला अभिमान वाटावा असं. दिवसभर टीव्हीवर त्याला शिस्त म्हणत होते. स्वीडनने केलं की तो कंटाळा.

आणि हे दुखणं जुनं आहे. बोर्ये साल्मिंग हा स्वीडिश खेळाडू १९७३ मध्ये लीफ्सकडे आला, सोबत त्याचा देशबांधव इंगे हामारस्ट्रोम. प्रतिस्पर्धी त्यांना 'चिकन स्वीड', म्हणजे भित्रे स्वीडिश, म्हणत आणि काठीने पायांवर हाणत. खुद्द लीफ्सचे मालक हॅरॉल्ड बॅलार्ड म्हणाले होते की हामारस्ट्रोम खिशात सहा अंडी घेऊन कोपऱ्यात गेला तरी एकही फुटणार नाही. साल्मिंगने मार खाल्ला, खेळत राहिला. १९७६ च्या कॅनडा कप या देशादेशांच्या स्पर्धेत तो स्वीडनच्या जर्सीत टोरोंटोत उतरला तेव्हा इथले प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. लोकांना कळायला तीन वर्षं लागली. टीव्हीला किती लागतात, मी अजून मोजतोय. 'युरोपियन कर्णधार स्टॅनले कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकून देत नाही' हे पालुपद २००८ पर्यंत चालू होतं, निकलास लिडस्ट्रोमने डेट्रॉइटचा कर्णधार म्हणून तो उचलेपर्यंत.

माझ्या अंगातही हा किडा आहे, हे कबूल करतो. मी दादरचा. राजकोटला कोणी त्रिशतक ठोकलं की आमचे बाबा पेपरवरून नजर न उचलता म्हणायचे, "पाटा विकेट." मीही म्हणायचो. राजकोटला मी आजवर गेलेलो नाही.

नोव्हेंबर २०१९ ला मात्र विषय घरात आला. युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ इथे कोटावर लाल पॉपी लावतात. ९ तारखेला चेरी त्यांच्या कोपऱ्यात बसून म्हणाले की मी मिसिसागात राहतो, इथे फार कमी लोक पॉपी लावतात. आणि मग 'यू पीपल', तुम्ही लोक, इथे येता, आमचं दूधमध तुम्हाला हवं असतं. दोन दिवसांनी, नेमकी ११ नोव्हेंबरला, त्यांची नोकरी गेली. मी तेव्हा त्यांच्याच गावात सोफ्यावर बसलो होतो. पॉपी घेतलेली होती, पण तिची टाचणी नेहमी निसटते तशी निसटून बहुतेक गाडीत पडली होती. मुलगा भडकला. बायको गप्प झाली. मला तो सूर नवा वाटलाच नाही. फिनिश, स्वीडिश, रशियन पोरांबद्दल बोलताना दहा वर्षं मी तोच ऐकत होतो. फक्त तोवर मी स्वतःला बोलणाऱ्याच्या बाजूला धरत होतो.

तेव्हापासून रिमोटवरचं ते बटण दाबतो. पूर्ण खरं सांगायचं तर दर वेळी नाही. पंजाबीतली 'हॉकी नाइट' लागली की आवाज चालू असतो. निम्मं कळतं, निम्मं अंदाजाने. तिथे पकला टिक्की म्हणतात, आलू टिक्कीतली टिक्की, आणि स्लॅपशॉट, म्हणजे जोरात हाणलेला फटका, याला चपेड. टिक्की स्वीडिश माणसाने मारली की कॅनडियन, त्यांचा आवाज सारखाच चढतो. पुढच्या शनिवारी या. पिठलं-भात असेल, आणि पंजाबी असेल तर आवाजही.