सुरीचं टोक

लंडनमध्ये भाजी चिरायची सुरी घ्यायला गेलं, तर बऱ्याच दुकानांत ती कुलूपबंद कपाटात असते. नाहीतर पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या बंधांनी अशी जखडलेली, की सोडवायला घरात आधीची एखादी सुरी हवी. पंचविशीच्या आतले दिसलात, तर गल्ल्यावर वयाचा पुरावा मागतात. १८ वर्षांखालच्याला सुरी विकणं हा गुन्हा आहे. खरी गंमत दुकानाबाहेर पडल्यावर सुरू होते.

१९८८च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टचं कलम १३९ सांगतं, की पातं असलेली किंवा टोकदार वस्तू सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी जवळ बाळगायची नाही. शिक्षा ४ वर्षांपर्यंत. सूट फक्त मिटणाऱ्या खिशातल्या चाकूला, तीही धार ३ इंचांहून जास्त नसेल तर. पण उघडल्यावर पातं खटक्याने पक्कं बसत असेल, तर कोर्टाच्या लेखी तो मिटणारा चाकूच नव्हे. मग पातं दीड इंचाचं का असेना. डोंगर चढणाऱ्यांचे चाकू आणि पक्कड-कात्री एकत्र असलेली मल्टिटूल याच खटक्यापायी अडकतात. बोट कापू नये म्हणून केलेली सोय माणसाला कोर्टाची पायरी चढायला लावते.

सबळ कारण दाखवायची जबाबदारी ज्याच्याकडे चाकू सापडला त्याची. ‘कॅम्पिंगनंतर गाडीतच राहिला, विसरलो’ एवढ्याने भागत नाही. ‘स्वसंरक्षणासाठी’ म्हणालात, तर बहुतेक वेळा प्रकरण आणखी बिघडतं. नवी सुरी असेल तर वेष्टण फोडायचं नाही, पावती जवळ ठेवायची आणि तडक घर गाठायचं. २००५ साली एका खटल्यात बटर लावायची बोथट सुरीसुद्धा ‘पातं’ ठरली. उलट स्क्रूड्रायव्हर या कलमात बसत नाही, असा निकाल त्याआधीच झालेला. बटरवाला सापडला, स्क्रूड्रायव्हरवाला सुटला. (त्याच्या मनात काय होतं हे सिद्ध झालं, तर त्याच्यासाठी १९५३चा वेगळा कायदा आहेच.)

तुळशीबागेतून घेऊन बॅगेत घालून नेलेल्या विळीचं काय? हीथ्रो विमानतळावरून घरी नेत असाल तर कारण सबळच. तीच विळी महिनाभर डिकीत पडून राहिली, तर मात्र पोलिसाला खोबऱ्याचं महत्त्व पटवत बसावं लागेल. कायद्याने कामाचं हत्यार, धार्मिक कारण आणि राष्ट्रीय पोशाख हे बचाव मान्य केलेत; म्हणून शीखांचं कृपाण आणि स्कॉटिश माणसाच्या मोज्यातला सुरा चालतो. आपली फोल्डिंगची विळी मिटते खरी, पण खिशात मावत नाही.

हे सगळं एकवेळ समजून घेता येतं. हसू येतं ते पुढच्या राजकारणाचं. १९५९मध्ये बटण दाबून उघडणारे चाकू बंद केले. २०१६मध्ये ‘झॉम्बी’ सुरे, म्हणजे भयपटात शोभतील असे अक्राळविक्राळ सुरे, बंद केले. पण व्याख्येत पात्यावर हिंसेची चित्रं किंवा मजकूर असण्याची अट घातली. विक्रेत्यांनी मजकूर पुसला आणि तेच पातं पुढची ८ वर्षं राजरोस विकलं. सप्टेंबर २०२४मध्ये व्याख्या बदलली: ८ इंचांहून लांब पातं, टोकदार, शिवाय दाते, भोकं, काटे वगैरे. ऑगस्ट २०२५मध्ये ‘निन्जा’ तलवारींची पाळी आली. दरवेळी टेबलावर जप्त केलेले अक्राळविक्राळ सुरे मांडून फोटो, दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा. २०१९मध्ये तर गृहखात्याने तळलेल्या चिकनच्या ३ लाखांहून जास्त खोक्यांवर चाकूविरोधी संदेश छापून घेतले. गरीब वस्तीतली काळी पोरं चिकनच खातात असं यांना वाटतं का, म्हणून त्यावर रास्त टीका झाली.

आणि इंग्लंड-वेल्समधल्या खुनांचे आकडे उघडावेत, तर धारदार हत्यारांत सगळ्यात वर असते स्वयंपाकघरातली साधी सुरी. ‘झॉम्बी’ म्हटलं की पेपर खपतो. कांदा चिरायच्या सुरीचा मथळा कोण करणार?

२००५मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही डॉक्टरांनी लांब, टोकदार सुऱ्यांची विक्रीच थांबवा असं लिहिलं, तेव्हा त्यांची टर उडवली गेली. २०२५मध्ये नट इद्रिस एल्बा साधारण तेच बोलला. पुन्हा ‘आता चमच्यांवर बंदी का?’ छापाचे विनोद. मला डॉक्टरांचं पटतं. शरीरात सुरीला मुख्य अडसर कातडीचा. टोक एकदा आत गेलं, की पुढे फारसा जोर लागत नाही. गोल टोकाला ती पहिली कातडीच सहजी पार होत नाही. आणि टोकाचा उपयोग तरी कशाला? बटाट्याचे डोळे काढायला, मिरचीतलं बी खरवडायला, मासळी साफ करायला. तिन्ही कामांना तीन इंची पातं पुरतं. आठ इंची सुरीने कोबी चिरताना टोक नुसतं पाटावर टेकलेलं असतं.

विक्री थांबवली तरी घरोघरच्या खणांत पडलेल्या सुऱ्यांचं काय, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याला मथळ्याजोगा उपाय नाही. सहाणयंत्रावर टोक गोल करायला दोन मिनिटं लागतात. पण तिथे फोटो काढायला कुठला मंत्री येईल?