देवगडच्या हापूसची साईट जपानी झाली तो मंगळवार

१४ मार्च २०२३. सकाळी पावणेआठला फोन वाजला, देवगडचे काका. सीझन सुरू झाला की सकाळी ते बागेत असतात, फोन करायचा तर दुपारी जेवणं झाल्यावर, त्यामुळे स्क्रीनवर नाव बघूनच पोटात गोळा आला. "बाय, माका काय कळना नाय, गूगलवर आपला नाव टाकला तर जपानी का चिनी कायतरी येता." बोरिवलीच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी आदल्या रात्री त्यांना स्क्रीनशॉट पाठवलेला आणि खाली विचारलेलं, तुम्ही धंदा विकला का कोणाला?

या प्रश्नाने काकांना रात्रभर झोप नव्हती. का ते सांगते. देवगड हापूस म्हणून बाजारात काय काय विकलं जातं ते मुंबई-पुण्यात सगळ्यांना माहितीये, कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाच्या खोक्यात भरून येतो आणि गिऱ्हाईक फसतं. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तरी रस्त्यावरच्या गाडीवर तो कोण तपासणार? काका आधी सगळा माल वाशीच्या मार्केटला दलालाकडे पाठवायचे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळंच अडकलं तेव्हा पुतण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेऊन थेट सोसायट्यांमध्ये पेट्या पोचवल्या, आणि तिथून मग साईट आली. म्हणजे या माणसाची सगळी कमाई नावावर उभी आहे, "हा खरा माणूस आहे, याच्याकडचा आंबा खरा असतो" एवढ्यावर. आणि ते नाव टाकलं की गूगल जपानी दाखवतंय.

मी पुण्यात एसईओचं काम करते, म्हणजे साईट गूगलवर वर यावी, योग्य माणसाला योग्य वेळी सापडावी यासाठी जे जे करावं लागतं ते. काकांचं काम माझ्याकडे २०२१ पासून. हे काम घेतलं तेव्हा सगळे म्हणत होते की "हापूस आंबा ऑनलाईन" वर पहिला नंबर आणून दे, पण तिथे मोठमोठ्या कंपन्या बसलेल्या असतात, तिथे धडका मारण्यात अर्थ नव्हता. मी काकांना विचारलं की गिऱ्हाईक फोनवर तुम्हाला काय काय विचारतात? मग ते बोलत गेले आणि मी लिहीत गेले. अढी कशी लावायची, पेंढा नसेल तर फ्लॅटमध्ये आंबा कसा पिकवायचा, फ्रीजमध्ये कधी ठेवायचा, पाच डझनच्या पेटीतलं फळ मोठं का सहा डझनच्या. प्रत्येक प्रश्नाला एक पान, काकांच्याच शब्दात, त्यांच्याच बागेतले फोटो.

यातलं सगळ्यात चाललेलं पान साक्याचं. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, साका म्हणजे हापूस बाहेरून एकदम पिवळाधमक, वास बरोबर, कुठे डाग नाही, आणि कापला की आत कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. बाहेरून तो ओळखताच येत नाही. लोक बिचारे "आंबा आतून पांढरा का" असं मराठीत, इंग्रजी अक्षरांत, कसंही टाईप करून शोधतात आणि काकांच्या पानावर येतात, वाचतात, आणि ज्या माणसाने स्वतःच्या आंब्यातला दोष एवढा सरळ सांगितला त्याच्याकडूनच पेटी मागवतात. एसईओ म्हणजे कीवर्ड कोंबणं असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे पान उघडून दाखवते.

तर त्या दिवशी. साईट उघडली, एकदम व्यवस्थित. तेच होमपेज, काका पेटीत आंबे लावतायत तो फोटो, सगळं जागेवर. मोबाईलवर उघडली, तरी व्यवस्थित. मग गूगलमध्ये साईट, कोलन आणि आमचं डोमेन टाकलं, म्हणजे गूगलकडे आपली कुठली कुठली पानं आहेत ते दिसतं. आमची पानं सगळी मिळून सव्वीस. आणि समोर पानामागून पान जपानी! हँडबॅगा, घड्याळं, बूट, काय काय ते, आणि प्रत्येकाच्या वर बारीक अक्षरात आमच्या डोमेनचं नाव. खरं सांगते, हात गार पडले. एकावर क्लिक केलं तर भलत्याच दुकानावर गेलं. तीच लिंक कॉपी करून नव्या टॅबमध्ये टाकली तर "पान सापडले नाही".

या प्रकाराला जपानी कीवर्ड हॅक म्हणतात, गूगलच्या स्वतःच्या मदतीच्या पानांवर याच नावाने माहिती आहे. मी वाचलेलं होतं, स्वतःच्या क्लायंटकडे पहिल्यांदाच बघत होते. नकली ब्रँडेड माल विकणाऱ्या दुकानांना स्वतःच्या नावावर गूगल उभं करत नाही, मग ते दुसऱ्याच्या चांगल्या साईटमध्ये घुसतात आणि तिच्या नावावर स्वतःची हजारो पानं चढवतात. आणि चलाखी अशी, की साईटवर येणारा गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) आहे का माणूस आहे हे ओळखून दोघांना वेगवेगळं दाखवायचं. मालकाला त्याची साईट जशीच्या तशी दिसते, म्हणून त्याला महिना महिना पत्ता लागत नाही.

सर्च कन्सोलमध्ये (साईटच्या मालकांसाठी गूगलने दिलेलं टूल) यूआरएल इन्स्पेक्शन म्हणून एक सोय आहे, त्यात आपलं पान गूगलला नेमकं कसं दिसतं ते बघता येतं. होमपेजचा पत्ता टाकला, लाईव्ह टेस्ट केली आणि आलेला एचटीएमएल, म्हणजे पानामागचा कोड, उघडला. टायटलमध्ये "देवगड हापूस" च्या जागी जपानी ओळ. काका फोनवरच होते. मी त्यांना सांगितलं की काका, आपल्याला दिसते ती साईट वेगळी आणि गूगलला दिसते ती वेगळी, बाहेरून सगळं चांगलं आहे पण आत बिघडलंय. ते दोन क्षण गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे साको." मी एवढा वेळ जे समजावत होते ते या माणसाने एका शब्दात सांगितलं.

मग पुतण्याला लाईनवर घेतलं, कारण सर्च कन्सोलचा ओनर तो, मला नुसता युजर म्हणून अ‍ॅक्सेस होता. त्याला म्हटलं सेटिंग्जमध्ये युजर्स अँड परमिशन्स उघड आणि नावं वाच. त्याने स्वतःचं वाचलं, माझं वाचलं, मग म्हणाला, "ताई, हा तिसरा कोण?" कुठलातरी अक्षरांची खिचडी असलेला जीमेल, आणि पुढे ओनर. त्याच्या मेलमध्ये शोधलं तर गूगलचा मेल आलेला होता, तुमच्या साईटला नवीन ओनर जोडला गेलाय म्हणून, २३ फेब्रुवारीला. प्रमोशनच्या ढिगाऱ्यात न उघडता पडलेला. मी ओनर असते तर तो मेल मलाही आला असता. त्या दिवसानंतर ओनरचा अ‍ॅक्सेस मिळाल्याशिवाय मी कुठलंच काम हातात घेत नाही.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त लागली. मी दर महिन्याच्या एक तारखेला रिपोर्ट बघते. १ मार्चला बघितलं तेव्हा इम्प्रेशन्स, म्हणजे गूगलवर आपली पानं किती वेळा दिसली तो आकडा, वाढलेली होती आणि मला वाटलं की सीझन जवळ आला, लोक शोधायला लागले. कुठल्या शब्दांवर वाढली हे उघडून बघितलं असतं तर तेव्हाच जपानी शब्द दिसले असते. एक क्लिक होतं फक्त.

नऊ वाजता साफसफाईला बसले. ओनर असा नुसता काढून भागत नाही, त्याने ज्या फाईलने मालकी सिद्ध केलीये ती आधी सर्व्हरवरून जायला पाहिजे. गूगल नावाने सुरू होणारी, पुढे आकडे-अक्षरं असलेली एचटीएमएल फाईल असते. शोधली, सापडली, उडवली. पुतण्याने परत तपासलं तर तो माणूस अजून ओनरच. असं कसं? मग आठवलं आणि मी ब्राउझरमध्ये आमच्या डोमेनपुढे मनानेच एक फाईल टाकली, गूगल एक दोन तीन चार डॉट एचटीएमएल. असली फाईल सर्व्हरवर नव्हतीच. तरी पान उघडलं, आणि त्यावर पडताळणीची ओळ, एक दोन तीन चार सकट! पाच सहा सात आठ टाकलं, तेही उघडलं. म्हणजे आमच्या सर्व्हरला शिकवून ठेवलेलं की या साच्यातलं कुठलंही नाव कोणी विचारलं तर हो म्हण. जगातला कोणीही आमच्या साईटचा मालक होऊ शकत होता.

ते शिकवलेलं होतं एचटीअ‍ॅक्सेस फाईलमध्ये. ही फाईल म्हणजे साईटच्या दारावरचा वॉचमन, कोणाला कुठे पाठवायचं ते हा ठरवतो. तिच्यातल्या चार ओळी काढल्या, सेव्ह केलं, चहा टाकायला उठले, परत येऊन बघते तर त्या चार ओळी परत. पुन्हा काढल्या, पुन्हा आल्या. म्हणजे आत कुठेतरी काहीतरी जिवंत होतं जे तिला परत परत लिहीत होतं. तेव्हा एकेक फाईल वेचत बसणं सोडलं. फोटोंच्या अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी फाईली, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, होत्या, जिथे फक्त फोटो असायला पाहिजेत तिथे. आणि एक स्लायडरचं प्लगइन (फोटो सरकते दाखवायला साईटला जोडलेला भाग), विकतचं, पण आधीच्या डेव्हलपरने कुठूनतरी फुकटचं उतरवून टाकलेलं, टाकल्यापासून अपडेट नाही. शंभर टक्के तिथूनच घुसले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण दार उघडं होतं ते तेच.

होस्टिंगवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साईट आहे त्यांना, सांगून साईट थोडा वेळ बंद ठेवली, चालू असलेल्या प्रोसेस मारायला लावल्या. साईट ज्यावर बांधलेली त्या वर्डप्रेसच्या सगळ्या फाईली उडवून नव्या कोऱ्या टाकल्या, थीम नवी, प्लगइन फक्त लागतात तेवढी आणि मूळ ठिकाणाहून. अपलोड्समधून फक्त फोटो ठेवले. डेटाबेसमध्ये एक अ‍ॅडमिन युजर निघाला जो आमचा नव्हता, तो काढला. सगळे पासवर्ड बदलले, होस्टिंगचा, एफटीपीचा, डेटाबेसचा, पुतण्याच्या जीमेलचासुद्धा. संध्याकाळी साडेसहाला परत एक दोन तीन चार टाकून बघितलं, पान सापडले नाही. इतका आनंद हे वाक्य वाचून मला कधी झाला नव्हता. मग पुतण्याने त्या तिसऱ्याला काढलं, आणि तो गेला.

पण साईट साफ झाली म्हणजे गूगल साफ झालं असं नसतं ना. ती हजारो पानं गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे त्याच्या पानांच्या नोंदवहीत, होतीच. होस्टिंगवाल्या मुलाने सुचवलं की रोबोट्स फाईलमध्ये (बॉटने कुठे जायचं नाही ते सांगणारी फाईल) ते पत्ते ब्लॉक करून टाका. चांगल्या मनाने म्हणाला, पण तिथेच बरेच जण फसतात. ब्लॉक केलं तर गूगल ती पानं परत तपासायला येणारच नाही, मग ती गेलीयेत हे त्याला कळणार कसं? उलट दार उघडं ठेवायचं, त्याला येऊ द्यायचं आणि प्रत्येक पत्त्यावर ४१० द्यायचा, म्हणजे "हे पान कायमचं गेलं". जपानी पानं अर्थ नसलेल्या नावांच्या फोल्डरांत होती, त्यामुळे रिमूव्हल टूलमध्ये त्या फोल्डरांचे पत्ते देऊन तात्पुरती लपवता आली. ते लपवणं साधारण सहा महिनेच टिकतं, पण आम्हाला सीझन निघाला तरी पुरे होतं. हॅकरने चढवलेला साईटमॅप, म्हणजे गूगलला द्यायची पानांची यादी, काढला, सव्वीस पानांचा आपला दिला. सिक्युरिटी इश्यूजमध्ये सूचना आलेली होती, तिथे काय झालं आणि काय काय केलं ते सविस्तर लिहून रिव्ह्यू मागितला. रात्रीचे पावणेबारा वाजले.

पुढचे दिवस वाट बघण्याचे. आमच्या नावाखाली "ही साईट हॅक झालेली असू शकते" अशी ओळ यायला लागली होती, आणि पाडवा आठवड्यावर. काकांनी स्वतः वही काढली आणि जुन्या गिऱ्हाईकांना एकेक फोन केला, पहिला बोरिवलीच्या बाईंना. आंबा माझाच आहे, बाग माझीच आहे, कॉम्प्युटरमध्ये चोर शिरला होता, पोरीने काढला. मी त्यांना असं करायला सांगितलं नव्हतं. पाडव्याला ती ओळ होतीच, नंतर तीन दिवसांनी रिव्ह्यू पास झाला आणि ती गेली. साक्याचं पान पहिल्या पानावर परत यायला मात्र एप्रिल अर्धा गेला. २२ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती, त्याच्या आदल्या दिवशी पुतण्याने ऑर्डरी घेणं बंद केलं कारण तोडलेला माल संपला होता.

जपानी पत्ते सर्च कन्सोलच्या यादीत पुढे कितीतरी महिने दिसत राहिले, गूगल अधूनमधून येऊन विचारायचं, आमचा सर्व्हर ४१० सांगायचा.

काकांना मी साईट कोलन कसं टाकायचं ते त्याच आठवड्यात शिकवलं होतं. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी बागेत जायच्या आधी ते स्वतः टाईप करतात आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवतात. कालचा आला. खाली लिहिलेलं, "मराठीच आसा."