चारशे टाक्यांचा टेड

लेकीचं नाव बर्फावरच्या हॉकीत घातल्यापासून आईचा पुण्याहून धोशा चालू आहे, "असली हाणामारी शिकवायला अमेरिकेत गेलात का?" तिने मोबाइलवर व्हिडिओ पाहिलाय. दोघं हातमोजे फेकून एकमेकांना बुकलतायत, पंच बाजूला उभे, आणि शिक्षा काय, तर पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसायचं! हे मलाही आजतागायत पटलेलं नाही. मुलींच्या खेळात अंगावर आदळायला मनाई आहे, हे आईला किती वेळा सांगितलं. पण खरं सांगायचं तर मी तिला या खेळात घातलं ते डेट्रॉइटच्या रेड विंग्ज संघाचा जुना खेळाडू टेड लिंडसे याच्यामुळे.

डेट्रॉइटच्या लिटल सीझर्स अरीनात त्याचा पुतळा आहे. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, आणि कारकिर्दीत १८०८ पेनल्टी मिनिटं, म्हणजे शिक्षा म्हणून त्या बॉक्समध्ये काढलेला वेळ. चेहऱ्यावर चारशेच्या वर टाके पडले होते म्हणतात. जुन्या फोटोत नाकाची, भुवईची मूळ रेषच सापडत नाही. 'टेरिबल टेड' म्हणायचे त्याला. १९५६ साली टोरांटोत सामन्याआधी त्याला जिवे मारण्याची धमकी आली. पठ्ठ्याने विजयी गोल केला आणि स्टिक बंदुकीसारखी धरून प्रेक्षकांवर रोखली.

आमच्या प्लांटमधले जुने लोक मात्र त्याच्याबद्दल बोलताना गोलांवर फार थांबत नाहीत. हे युनियनचं गाव. खेळाडू पेन्शन फंडात पैसे भरायचे आणि संघांचे मालक हिशेब दाखवायचे नाहीत. १९५७ साली लिंडसेने सगळ्या संघांतल्या खेळाडूंना एकत्र करून संघटना काढली. तो मोसम त्याचा सर्वात भरात होता, स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना केलेली मदत मिळून ८५ गुण! तरी मालकांनी त्याला उचलून शिकागोच्या तळाच्या संघात पाठवला. ज्या डेट्रॉइटला चार स्टॅन्ली कप, म्हणजे या लीगची अजिंक्यपदं, जिंकून दिले, त्याच डेट्रॉइटने. नंतर त्याच्याच जुन्या सहकाऱ्यांनी संघटनेतून अंग काढून घेतलं आणि ती मोडली.

हे कळलं तेव्हा मला आपल्या मैदानी हॉकीतला खडकीचा धनराज पिल्ले आठवला. १९९८ ला बँकॉकहून एशियाडचं सुवर्ण घेऊन आले आणि पुढच्याच संघातून धनराज बाहेर. पैशांबद्दल तोंड उघडल्याची शिक्षा, असंच तेव्हा सगळे म्हणत होते. इथली मंडळी आपल्या क्रीडा संघटनांवर हसतात तेव्हा मी त्यांना १९५७ सांगते. पण त्यांनी निदान लिंडसेचा ७ नंबर कायमचा राखून ठेवला, पुतळा उभारला, खेळाडूंच्या मतांवर मिळणाऱ्या मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला त्याचं नाव दिलं. आपण धनराजसाठी एवढं कधी करणार?

आणि १९६६ ची गोष्ट तर मी भेटेल त्याला सांगते. हॉकीतल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये लिंडसेची निवड झाली, पण समारंभाची मेजवानी फक्त पुरुषांसाठी होती. बायको-मुलांना येता येणार नसेल तर मीही येत नाही, असं कळवून तो सरळ घरी राहिला. एवढा मोठा मान, आणि हा माणूस गेला नाही! पुढच्या वर्षीपासून बायकांना प्रवेश मिळाला. २०१० मध्ये अँजेला जेम्स आणि कॅमी ग्रॅनाटो या दोघी त्याच हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू म्हणून गेल्या, त्यातल्या कॅमीचे जुने सामने सध्या आमच्या घरी रोज लागतात.