दोन हेड, दोन कॅबिनेट आणि एक जळका वास: स्विचर घेतानाचा माझा अनुभव

नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या गच्चीवरच्या खोलीत जॅमिंग चालतं. तिथे माझे गिटारचे दोन व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) हेड आहेत, म्हणजे स्पीकर नसलेले अँप, मार्शल डीएसएल20 आणि ऑरेंज टायनी टेरर, शिवाय एक छोटा ट्रान्झिस्टरचा क्लास डी हेड, आणि कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची खोकी, दोनच, एक चार बाय बाराचं (बारा इंची चार स्पीकर) आणि एक सातपूरला प्लायवूड कापून घेऊन स्वतः जोडलेलं एक बाय बाराचं. गाण्यात मध्येच क्लीनसाठी एक हेड आणि डिस्टॉर्शनसाठी दुसरा पाहिजे असायचा, पण खरा स्विचर, म्हणजे गिटार आणि स्पीकर दोन्ही एकत्र बदलणारा बॉक्स, घेण्याऐवजी मी सगळ्यात स्वस्त उपाय केला, एक साधा एबीवाय बॉक्स आणला, जो गिटार ए, बी किंवा दोन्ही हेडना देतो.

तो बॉक्स फक्त गिटारचा सिग्नल वळवतो, स्पीकरच्या बाजूचं त्याला काहीच माहीत नसतं, हे मला कळत होतं पण वळत नव्हतं. एका रविवारी मिसळ खाऊन आलो, मार्शलची स्पीकर केबल काढून ऑरेंजला लावली, स्टँडबाय करायचा आळस केला आणि तेवढ्यात आमच्या बासिस्टचा पाय बॉक्सच्या वाय बटणावर (दोन्ही हेड) पडला. मी जोरात कॉर्ड मारली, दोन्ही हेडना सिग्नल गेला आणि मार्शलला लोडच नाही. व्हॉल्व्हच्या अँपला स्पीकर नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेज भयंकर चढतं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. दोन मिनिटात वार्निश जळल्याचा वास, मग फ्यूज.

अंबडला एक वायंडिंगवाले काका आहेत त्यांच्याकडे जळलेला ट्रान्सफॉर्मर नेला. त्यांनी जुनं वायंडिंग उलगडून बघितलं आणि म्हणाले, "अरे हा स्टॅबिलायझरचा नाहीये, याच्यात प्रायमरी सेकंडरीचे थर एकाआड एक घातलेत, वेळ लागेल." ते थर तसे नसले तर ट्रेबल बसतो म्हणे. पंधरा दिवस लागले पण आवाज परत आला. तेव्हापासून स्विचर बघताना माझा पहिला प्रश्न एकच, जो हेड आत्ता वाजत नाहीये त्याचं काय होतं? बाकी सगळं नंतर.

मग शोधायला लागलो आणि डोकं फिरलं. जर्मनीचे केएचई आणि अँपेटी आहेत, त्यात अँपेटी 444 वर चार हेड चार कॅबिनेट, बघूनच लाळ गळते, पण कस्टम ड्यूटी धरून आकडा बघितला आणि टॅब बंद केला. रेडियलचा हेडबोन परवडण्यासारखा वाटला, दोन हेड एक कॅबिनेट, गिटारचा इनपुट आणि स्पीकर दोन्ही एकाच फूटस्विचवर एकत्र बदलतात. पण त्याच्यात व्हीटी, टीएस आणि एसएस असे प्रकार आहेत, दोन्ही व्हॉल्व्ह, एक व्हॉल्व्ह एक ट्रान्झिस्टर, दोन्ही ट्रान्झिस्टर, आणि चुकीचा घेतला तर पैसे गेलेच वर अँपही जाईल. माझ्या क्लास डी हेडच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की स्पीकरची कुठलीच वायर ग्राउंडला लावू नका. असा अँप स्पीकरचं ग्राउंड कॉमन असलेल्या स्विचरला लावला की खेळ खल्लास.

शेवटी आम्ही शांतपणे मोजलं. गाण्यात हेड बदलतो, हो. कॅबिनेट? कधीच नाही, फक्त रेकॉर्डिंगच्या दिवशी, आणि तेव्हा हेड बंद करून हाताने केबल बदलायला कोणाचं काय जातं. म्हणून व्हीटी घेतला आणि क्लास डी हेडला प्रॅक्टिससाठी कोपऱ्यात एक जुना स्पीकर देऊन टाकला. ऑर्डर करायच्या आधी अडॅप्टर 230 व्होल्टचा येतोय ना हे तेवढं विचारून घ्या.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, असला स्विचर ओहम बदलून देत नाही, म्हणजे स्पीकरचा रोध हेडशी आपणच जुळवायचा. माझं मोठं कॅबिनेट 16 ओहमचं आणि छोटं 8 चं, म्हणजे कॅबिनेट बदललं की दोन्ही हेडच्या मागचे जॅकही बदला, आणि एक दिवस विसरणार हे नक्की. छोट्यातला स्पीकर विकून 16 ओहमचा सेलेस्टियन व्हिंटेज 30 टाकला, आता विचारच करायचा नाही. हेडपासून स्विचरपर्यंत आणि पुढे कॅबिनेटपर्यंत स्पीकर केबलच लावली, गिटारची बारीक शील्डवाली नाही, ती गरम होते.

हम, म्हणजे स्पीकरमधली घूं घूं, मात्र राहिला होता. दोन्ही हेडचं अर्थिंग दोन रस्त्यांनी येतं आणि मध्ये गिटारच्या केबलने लूप तयार होतो. एकाने सल्ला दिला की एका प्लगची अर्थिंगची पिन कापून टाक. भावा, आत शेकडो व्होल्ट डीसी फिरतंय आणि तार माझ्या बोटाखाली आहे, नको! दोन्ही हेड एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले तर अर्धा हम गेला, ऑरेंजच्या इनपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला तेव्हा उरलेला गेला.

जुना एबीवाय बॉक्स आता ट्यूनरसाठी वापरतो. बासिस्ट अजूनही त्याच्यावर पाय देतो.