केप हॅटेरसच्या वाळूवर गाडी नेताना: परवाना, चाकातली हवा आणि जुन्या नौदल तळाचा किनारा

नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्याकडे चारही चाकांना जोर देणारी गाडी आहे, त्यांना समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवायची असेल तर दोन नावे हमखास ऐकायला मिळतात. एक ऑन्स्लो बीच आणि दुसरे केप हॅटेरस. ऑन्स्लो बीच हा कॅम्प लेजून या मरीन दलाच्या तळाचा भाग आहे. हा तळ १९४१ पासून तिथे आहे आणि समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव मरीन सैनिक त्याच वाळूत करतात. त्यामुळे लष्करी ओळखपत्र असणारे, त्यांचे कुटुंबीय आणि त्यांनी रीतसर सोबत नेलेले पाहुणे यांच्यापुरताच तो किनारा खुला असतो. गाडी कुठे आणि केव्हा न्यायची हे तळाचे प्रशासन ठरवते आणि सराव असला की ठरलेली वेळही बदलते. शेजारच्या ब्राउन्स आयलंडवर न फुटलेला दारूगोळा पडलेला असल्याने तिथे पाऊल ठेवायलाही मनाई आहे. आमच्या ओळखीत असे ओळखपत्र असणारे कोणी नसल्यामुळे आम्ही ऑक्टोबरमध्ये केप हॅटेरस राष्ट्रीय सागरकिनाऱ्यावर गेलो आणि तिथेही एका जुन्या लष्करी तळाच्या किनाऱ्याशी गाठ पडलीच.

दोन्हीकडच्या नियमांचे मूळ एकच आहे. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काढलेल्या आदेशाने सरकारी जमिनीवर रस्ता सोडून गाड्या नेण्यासाठी जागा आखून द्याव्यात आणि नियम करावेत, असे बंधन राष्ट्रीय उद्यानांवर घातले, तसेच संरक्षण खात्याच्या जमिनींवरही घातले. हॅटेरसला मात्र त्याची पूर्ण अंमलबजावणी व्हायला चार दशके लागली. निसर्गसंस्था न्यायालयात गेल्या, २००८ मध्ये तडजोडीचा हुकूम झाला आणि आजची परवाना पद्धत फेब्रुवारी २०१२ पासून लागू झाली. स्थानिक मासेमारांना ती फार जाचक वाटली आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे नाही, कारण पिढ्यान्पिढ्या ते ज्या वाळूवरून जात होते ती वाळू ऐन हंगामात बंद होऊ लागली. तरीही तिथे प्रत्यक्ष जाऊन आल्यावर माझे मत असे झाले आहे की नियम काटेकोर आहेत म्हणूनच हा किनारा गाड्यांसाठी अजून खुला राहिला आहे.

परवाना दहा दिवसांचा किंवा वर्षाचा मिळतो. आम्ही गेलो तेव्हा दहा दिवसांचे शुल्क ५० डॉलर आणि वर्षाचे १२० डॉलर होते. तो घरूनच संगणकावर काढता येतो. परवाना गाडीचा असतो, त्यामुळे दोन गाड्या असतील तर दोन परवाने लागतात. गाडीची नोंदणी, विमा आणि नंबर प्लेट रीतसर हवी. मोटारसायकल आणि एटीव्ही (चार जाड चाकांची उघडी गाडी) वाळूवर न्यायला परवानगी नाही. भाड्याची गाडी नेणार असाल तर करारपत्र आधी नीट वाचावे, कारण बहुतेक करारांत डांबरी रस्ता सोडण्यास मनाई असते आणि गाडी वाळूत रुतली तर ती ओढून काढण्याचा सगळा खर्च आपल्यावर येतो.

गाडीत चार वस्तू असणे सक्तीचे आहे: कमी दाब मोजणारा गेज, फावडे, जॅक आणि जॅकखाली ठेवायची फळी. यातली फळी लोक हटकून विसरतात. मऊ वाळूवर जॅक लावला की गाडी वर येत नाही, उलट जॅकच खाली जातो. हातभर लांब-रुंद जाड प्लायवूड असले की जॅकचे वजन पसरते आणि चाक उचलले जाते. याशिवाय गाडी ओढण्याचा भक्कम पट्टा, हवा भरायचा छोटा पंप आणि भरपूर पिण्याचे पाणी आम्ही नेले होते. ते सक्तीचे नसले तरी त्यांच्यावाचून जाऊ नये.

चाकातल्या हवेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण वाळूवरची निम्मी गाडी हवेवरच चालते. रस्त्यावर साधारण ३५ पीएसआय हवा असते. किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी ती २० च्या आसपास आणावी, असे हा सागरकिनारा सांभाळणाऱ्या राष्ट्रीय उद्यान विभागाचे लोक सांगतात आणि वाळूवर पकड राहील इतकी हवा कमी करणे नियमानेही बंधनकारक आहे. आम्ही रॅम्प ४४ च्या (रॅम्प म्हणजे रस्त्यावरून वाळूवर उतरायची क्रमांक दिलेली वाट) अलीकडे, मागच्या गाड्यांना वाट सोडून थांबलो आणि एकेका चाकाची हवा सोडत गेज लावून पाहिला. टायरचा तळ फुगल्यासारखा पसरला की त्याचा वाळूला स्पर्श वाढतो आणि चाक वाळू खणण्याऐवजी तिच्यावरून सरकते. हवा कमी असताना वेगात वळण घेऊ नये, कारण टायर रिममधून निसटू शकतो. मऊ पट्ट्यात ब्रेक दाबण्याऐवजी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि पुढच्या गाडीने पाडलेल्या चाकोरीतून चालत राहावे. चाक जागच्या जागी फिरू लागले की ताबडतोब थांबावे. तशा वेळी गाडी पुढे रेटली तर ती पोटापर्यंत बसते. त्याऐवजी चाकांमागची वाळू फावड्याने काढून आपल्याच चाकोरीतून सरळ मागे यावे.

वेगाची मर्यादा ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर आहे आणि माणसे ३० फुटांच्या आत असतील तर ती ५ मैलांवर येते. वाळूवर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला असतो. लाटांच्या आवाजात मुलांना गाडी मागून आल्याचे कळत नाही, हे चालवणाऱ्याने सतत ध्यानात ठेवायला हवे. गाडीतल्या सर्वांना सीटबेल्ट लावावा लागतो.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच निघावे. इथला चढउतार साधारण मीटरभराचा आहे, पण किनारा सपाट असल्याने तेवढ्यानेही वाट अरुंद होते आणि एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला लाटा अशी अवस्था येते. ओहोटी लागल्यावर उतरावे आणि भरतीच्या बऱ्याच आधी परतावे. रायगड-रत्नागिरीच्या पुळणींवर भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. इथेही कारण तेच असते. ओली वाळू घट्ट वाटते म्हणून गाडी पाण्याकडे घेतली जाते आणि मग पाणी गाडीकडे येते.

कुठला पट्टा खुला आहे हे मात्र त्याच दिवशी सकाळी उद्यानाच्या नकाशावर तपासावे, महिन्यापूर्वीच्या माहितीवर विसंबू नये. वसंतात आणि उन्हाळ्यात पायपिंग प्लोव्हर हा वाळूच्याच रंगाचा, चिमणीएवढा भासणारा पक्षी उघड्या वाळूत उथळ खळगा करून अंडी घालतो. मे महिन्यापासून लॉगरहेड कासवांच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येतात. त्यामुळे १ मे ते १४ सप्टेंबर या काळात रात्री ९ पासून सकाळपर्यंत किनाऱ्यावर गाडी नेता येत नाही आणि १५ सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर या काळात, जिथे घरटी उरलेली नाहीत अशाच पट्ट्यांवर रात्रीची परवानगी असते. आम्हाला कासवाचे एक घरटे दिसले. चार खुंट, त्यांना दोरी आणि एक पाटी, आणि समुद्राच्या बाजूची वाळू पिलांसाठी सपाट केलेली. अंगठ्याएवढ्या पिलाला चाकाची खोल चाकोरी म्हणजे खंदकच असतो. ते त्यात उतरते, आडवे चालत राहते आणि पाण्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून मुलांनी खणलेले खड्डेही निघताना बुजवावेत. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिले समुद्रात जाताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातले गांभीर्य वेगळे सांगायला नको.

आता सुरुवातीला म्हटलेल्या जुन्या तळाबद्दल, म्हणजे केप हॅटेरसवरच्या बक्स्टन गावाजवळच्या किनाऱ्याबद्दल. केप हॅटेरसच्या दीपगृहाची मूळ जागा जिथे होती (१९९९ मध्ये ते सुमारे ८८० मीटर आत हलवले), तिच्याजवळ १९५६ ते १९८२ या काळात नौदलाचे केंद्र होते. समुद्रतळावरच्या ध्वनिग्राहकांनी सोव्हिएत पाणबुड्यांचा माग काढणे हे त्याचे काम होते. पुढे ती जागा तटरक्षक दलाने वापरली. किनारा झिजत गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये वादळी लाटांनी तिथले जुने काँक्रीट, नळ आणि तेल मुरलेली माती उघडी पाडली. डिझेलचा वास येऊ लागला आणि उद्यानाने तो पट्टा बंद केला. नंतर लष्कराच्या अभियंता दलाने तिथून मलबा आणि माती हलवण्याचे काम केले. या भागात ‘बंद’ अशी पाटी असेल तर ती पक्ष्यांसाठीची नाही हे समजून घ्यावे आणि कडेने पायीही जाऊ नये. पाटी नसलेल्या ठिकाणीही लाटांनी लोखंड किंवा काँक्रीटचे तुकडे उघडे पाडले दिसले, किंवा तेलाचा वास आला, तर गाडी तिथूनच वळवावी, मुलांना पाण्यात उतरू देऊ नये आणि उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना कळवावे.

परतताना डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पूर्ववत भरून घ्यावी. काही रॅम्पजवळ तशी सोय आहे, पण रविवारी दुपारी तिथे रांग लागते, म्हणून स्वतःचा पंप बरा. कमी हवेवर महामार्गाच्या वेगाने गेल्यास टायर तापून फुटू शकतो. रॅलेच्या बाजूला घरी पोहोचायला पाच तासांच्या आसपास लागतात. तिथे पोहोचल्यावर, निदान दुसऱ्या दिवशी तरी, गाडीचा तळ गोड्या पाण्याने नीट धुवावा. चाकांच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या नळ्यांजवळ साठलेली खारी वाळू वरवरच्या धुण्याने निघत नाही, त्यासाठी पाइप खालून मारावा लागतो.