सूर्याला पडलेलं खळं

जानेवारीत निफाडच्या द्राक्षबागांत मण्यात पाणी उतरत असतं आणि सगळ्यांना भुरी या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते. मी पुण्यात बसून सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून एनडीव्हीआय, म्हणजे बाग किती हिरवी आहे याचा आकडा, काढतो. आकडा घसरला की बागायतदारांना मेसेज जातो. त्या सोमवारी पंधरा-वीस बागांचा आकडा एकदमच घसरला, एका तिरप्या पट्ट्यात. रोग असा रांगेत येत नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. मी मेसेज सोडून मोकळा झालो.

अर्ध्या तासात एकाचा फोन. "साहेब, अख्खी बाग फिरून आलो. पानं हिरवीगार आहेत. तुमच्या सॅटेलाइटला चष्मा लावा." मी पाणी, फवारणी विचारत बसलो. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "शनिवारी सूर्याला खळं पडलं होतं. आता पाऊस नको यायला, बस्स."

चित्र शनिवारचंच होतं, सकाळी अकराच्या सुमाराचं. खळं, म्हणजे सूर्याभोवतीचं कडं, पडतं ते उंचावरच्या विरळ सिरस ढगातल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे. साध्या रंगीत चित्रात ढगाचा मागमूस नव्हता, ढग आपोआप ओळखणाऱ्या मास्कनेही सगळं स्वच्छ ठरवलं होतं. उपग्रह प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबींच्या पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, टिपतो; असे ढग पकडण्यासाठीच बँड १० असतो, १.३७५ मायक्रॉनचा. या तरंगलांबीचं ऊन हवेतली वाफ गिळून टाकते, म्हणून जमीन काळी दिसते आणि वाफेच्या वर तरंगणारा ढग तेवढा उजळतो. (लडाखसारख्या उंच, कोरड्या मुलखात मात्र डोंगरही उजळतात.) पण आम्ही वापरतो त्या लेव्हल-२ए, म्हणजे हवेचा परिणाम काढून टाकलेल्या, चित्रांत हा बँड नसतोच, त्यात जमिनीची माहिती नाही म्हणून वगळलेला. त्याआधीच्या टप्प्याचं, लेव्हल-१सी चित्र उतरवून घेतलं. काळ्या फळ्यावर खडूचा हात फिरवावा तसा फिकट पट्टा, बरोबर त्याच बागांवरून.

हिशेब साधा होता: निअर-इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश) आणि लाल यांतला फरक भागिले त्यांची बेरीज, म्हणजे एनडीव्हीआय. निरोगी बागेतून परत येणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण लाल ०.०४ आणि निअर-इन्फ्रारेड ०.४० धरलं, तर एनडीव्हीआय ०.८२. विरळ ढगाने दोन्हींत ०.०३ मिसळले की ०.७२. पानाला काहीही न होता.

संध्याकाळपर्यंत एकेकाला फोन केले. दोघांनी तोवर भुरीवरचं गंधक मारलं होतं. "मेसेज तुमचाच होता ना?" त्यातला एक म्हणाला.